सात तुकडे, एक चौरस आणि संगणकाचा पडदा

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना आणि भेस्तान ही स्थानके ओलांडते आणि सचिन येते. मराठी वाचकाचे मन हे नाव ऐकताच क्रिकेटच्या मैदानाकडे धावते; पण या गावाचा मराठी इतिहासाशी असलेला संबंध त्याहून बराच जुना आहे. जंजिऱ्यावरील हक्क सोडण्याच्या बदल्यात १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या तहाने सिद्दी घराण्यातील एका वारसाला येथील मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान उभे राहिले. जंजिरा मात्र पेशव्यांना कधीच मिळाला नाही. संस्थान १९४८ साली विलीन झाले. आज सचिन ही औद्योगिक वसाहत आहे. २०२० मध्ये ती सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आली. यंत्रमाग, कापडावरील प्रक्रिया आणि सुरत विशेष आर्थिक क्षेत्रातील हिऱ्यांचे कारखाने यांवर येथील हजारो घरे चालतात आणि त्यांतील पुष्कळ घरांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मराठी बोलली जाते.

कापड आणि हिरा या दोन्ही धंद्यांत एक प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागतो. हाती असलेल्या वस्तूतून हव्या त्या आकाराचे तुकडे कसे काढावेत की वाया कमीत कमी जाईल? शिंपी त्याला कापड बेतणे म्हणतो. पूर्वी बेतण्याचे काम खडूने आणि नजरेने होई. तयार कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात आता ते संगणकाच्या पडद्यावर होते. बाही, पाठ, गळा यांचे आकार पडद्यावर सरकवायचे, फिरवायचे, एकमेकांच्या खोबणीत बसवायचे आणि कापडाच्या पट्ट्याची लांबी किती उरते ते पाहायचे. हिऱ्याच्या कारखान्यातही पैलू पाडण्यापूर्वी कच्चा खडा यंत्राने मोजून घेतात आणि त्याच्या आत कोणत्या घाटाचे, किती वजनाचे हिरे बसू शकतील याचे आराखडे संगणक मांडून दाखवतो. अंतिम निर्णय मात्र अनुभवी माणसाचाच असतो. कापडाची चूक चिंधीच्या रूपाने निदान पायपुसण्याला तरी उपयोगी पडते. हिऱ्याची चूक भुकटी होऊन जाते.

सरकवणे, फिरवणे, उलटणे, बसवून पाहणे या हालचालींचा सर्वांत साधा आणि सर्वांत जुना सराव एका खेळात सापडतो. त्या खेळाचे नाव टँग्रॅम.

टँग्रॅममध्ये सात तुकडे असतात आणि ते सातही एकाच चौरसातून निघतात. घरी करून पाहायचे तर कागदाचा एक चौरस पुरे. तो कर्णावर कापला की दोन त्रिकोण मिळतात. त्यांतला एक पुन्हा मधोमध कापावा. हे झाले दोन मोठे त्रिकोण. दुसऱ्या त्रिकोणाचा काटकोनाचा कोपरा समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूवर दुमडून त्या घडीवर कापला की मधला त्रिकोण सुटा होतो आणि एक समलंब चौकोन उरतो. तो मधोमध उभा कापायचा. एका अर्ध्यातून लहान चौरस आणि लहान त्रिकोण निघतो, दुसऱ्यातून समांतरभुज चौकोन आणि आणखी एक लहान त्रिकोण. लहान त्रिकोणाचे क्षेत्रफळ एक मानले, तर मधला त्रिकोण, चौरस आणि समांतरभुज चौकोन या तिघांचे प्रत्येकी दोन आणि मोठ्या त्रिकोणांचे प्रत्येकी चार. बेरीज सोळा. चौरस, त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन दिसायला इतके वेगळे असूनही तिघांचे क्षेत्रफळ सारखे कसे, हा प्रश्न पडला की मूल भूमितीत शिरले म्हणून समजावे. प्रत्येकात दोन लहान त्रिकोण बसतात, एवढेच त्याचे उत्तर.

खेळाचा नियमही तितकाच थोडका. एक छायाकृती समोर असते: मांजर, नाव, घर, धावणारा माणूस. सातही तुकडे वापरून, एकावर एक न चढवता ती आकृती भरायची. आतल्या रेषा दाखवलेल्या नसतात. सारी गंमत आणि सारा त्रास त्या न दाखवलेल्या रेषांत आहे.

हा खेळ चीनमधला. चिनी भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ साधारणपणे ‘चातुर्याच्या सात फळ्या’ असा होतो. उपलब्ध असलेले त्याचे सर्वांत जुने पुस्तक १८१३ सालचे आहे. त्यानंतर दोन-चार वर्षांतच व्यापारी जहाजांतून तो अमेरिका आणि युरोपात पोहोचला आणि तेथे त्याचे अक्षरशः वेड पसरले. त्याच्या प्राचीनत्वाच्या ज्या कथा अजूनही सांगितल्या जातात, त्यांचा उगम अमेरिकेतील प्रसिद्ध कोडेकार सॅम लॉइड यांच्या १९०३ च्या पुस्तकात आहे. टॅन नावाच्या देवाने चार हजार वर्षांपूर्वी हा खेळ निर्माण केला, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने लिहिले. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी चौकशी करवली, तेव्हा चिनी विद्वानांना या देवाचा पत्ताच नव्हता. लॉइड यांनी रचलेल्या कोड्यांपैकी हे बहुधा सर्वांत यशस्वी कोडे असावे. शंभर वर्षांनंतरही लोक त्यात फसतात.

खेळ परका असला तरी त्यामागचा विचार भारताला परका नाही. आकृती कापून, तुकडे हलवून दुसरी आकृती करायची आणि क्षेत्रफळ तेच ठेवायचे, हा शुल्बसूत्रांचा मुख्य उद्योग होता. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाणारे बौधायन शुल्बसूत्र यज्ञवेदींच्या बांधणीचे नियम सांगते. ससाण्याच्या आकाराची श्येनचिती एका थरात दोनशे विटा, असे पाच थर रचून उभी करायची आणि तिचे क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुष इतके ठरलेले असायचे. त्यासाठी चौरस कर्णावर कापून केलेल्या अर्ध्या आणि पाव विटाही वापरल्या जात. अशा विटांनी भरलेला पक्षी आणि टँग्रॅमचा पक्षी शेजारी ठेवले तर नाते लपत नाही, जरी दोघांमध्ये ऐतिहासिक धागा जोडण्याचा मोह टाळणेच बरे.

सचिनच्या मराठी वस्तीला या परंपरेतील आणखी एक नाव जवळचे वाटावे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला. त्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढण्याची एक रीत आहे. बाजू १५ आणि २० घ्याव्यात. असे चार त्रिकोण चौरसाच्या कडेने, कर्ण बाहेर येईल असे मांडले की मध्ये ५ बाजूचा लहानसा चौरस रिकामा राहतो. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ ६००, मधल्या चौरसाचे २५, एकूण ६२५. म्हणजे कर्ण २५. पायथागोरसचा सिद्धांत येथे पाच तुकड्यांच्या कोड्यासारखा डोळ्यांसमोर जुळतो. खानदेशातून ताप्तीच्या काठाने सुरतेला आलेल्या मुलाला हा प्रमेय पाठ करायला लागतो, तेव्हा तो त्याच्याच मुलखात अभ्यासला जात होता हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

आता संगणकाकडे. टँग्रॅमचा प्रोग्रॅम वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पडद्यावर सात रंगीत तुकडे, मध्ये काळी छायाकृती, बोटाने किंवा माउसने तुकडा ओढायचा, फिरवायचा, सोडायचा. पण तो लिहायला बसणाऱ्याला लाकडी तुकड्यांशी खेळताना कधीच न पडलेले प्रश्न पडतात आणि त्या प्रश्नांत खरे गणित दडलेले आहे.

पहिला प्रश्न फिरवण्याचा. टँग्रॅममधील सर्व कोन ४५, ९० किंवा १३५ अंशांचे असतात. त्यामुळे बहुतेक प्रोग्रॅम तुकडा प्रत्येक टिचकीला ४५ अंशांनी वळवतात. या हिशेबाने त्रिकोणाच्या आठ स्थिती होतात, कारण तो पूर्ण फेरा मारूनच मूळ जागी येतो. चौरसाच्या दोनच: सरळ आणि टोकावर उभा. समांतरभुज चौकोन अर्ध्या फेऱ्यात स्वतःसारखा दिसतो, म्हणून त्याच्या चार. पण येथेच तो आपला खोडकरपणा दाखवतो. त्याला उलटा केला, म्हणजे त्याची आरशातली प्रतिमा घेतली, तर जी आकृती मिळते ती त्याला कितीही फिरवून मिळत नाही. डावा हात कितीही वळवला तरी उजवा होत नाही, तसेच हे. त्याच्या आणखी चार स्थिती होतात. त्रिकोण आणि चौरस यांना उलटण्याची गरजच पडत नाही. त्यांची प्रतिमा फिरवूनच मिळते. प्रोग्रॅममध्ये उलटण्याचे बटण असते ते एकट्या समांतरभुज चौकोनासाठी. लाकडाचा तुकडा हातात घेतलेले मूल तो सहज पालथा करते आणि आपण काही वेगळे केले हे त्याच्या लक्षातही येत नाही. पडद्यावर त्याला निराळे बटण दाबावे लागते. फिरवणे आणि उलटणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्या एका बटणाने जितके स्पष्ट होते तितके फळ्यावरील व्याख्येने होत नाही. कापड बेतणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. छापील कापडाला सुलटी आणि उलटी बाजू असते. डाव्या बाहीचा तुकडा उजवीकडे चालत नाही. शिवाय कापडाला ताणा-बाण्याची दिशा असते, म्हणून तुकडा हवा तसा फिरवण्याची मुभाही त्याला नाही. त्या मानाने टँग्रॅम फार उदार.

दुसरा प्रश्न तुकडे चिकटण्याचा. माणसाचे बोट पडद्यावर नेमक्या बिंदूवर थांबत नाही. म्हणून तुकड्याचा कोपरा दुसऱ्या कोपऱ्याच्या पुरेसा जवळ आला की प्रोग्रॅम त्याला ओढून नेमका जोडतो. ‘पुरेसा जवळ’ म्हणजे किती, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो आणि खेळाचे भले-बुरे बरेचसे त्यावर अवलंबून असते. अंतर फार कमी ठेवले तर मुले चिडतात. फार जास्त ठेवले, किंवा तुकडा छायाकृतीतील ‘योग्य’ जागेकडे आपोआप ओढला जाऊ लागला, तर मूल विचार करणे सोडून तुकडा इकडेतिकडे घासत बसते; कुठेतरी तो टक् करून बसणारच याची त्याला खात्री असते. बाजारातील अनेक फुकट खेळ या दुसऱ्या प्रकारचे आहेत. ते मुलाला गुंतवतात, पण त्याच्या वाटचे कोडे स्वतःच सोडवून टाकतात. असा प्रोग्रॅम न वापरलेलाच बरा.

तिसरा प्रश्न अधिक रोचक आहे: कोडे सुटले हे संगणकाने ओळखायचे कसे? सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक तुकड्याची ठरलेली जागा साठवून ठेवणे आणि तुलना करणे. पण एका छायाकृतीची अनेक उत्तरे असू शकतात. साठवलेल्या उत्तराहून निराळी, तरीही अचूक मांडणी करणाऱ्या मुलाला ‘चूक’ असे सांगणारा प्रोग्रॅम हा वाईट शिक्षक. चांगला प्रोग्रॅम जागा पाहत नाही, झाकलेले क्षेत्र पाहतो. छायाकृतीचा कोणताही भाग उघडा राहिला नाही ना, एवढेच तो तपासतो. तुकडे एकमेकांवर चढले आहेत का, बाहेर डोकावत आहेत का, हे निराळे तपासण्याचीही गरज नसते. सात तुकड्यांचे एकूण क्षेत्रफळ आणि छायाकृतीचे क्षेत्रफळ समान आहे. म्हणून कुठे एक तुकडा दुसऱ्यावर चढला किंवा बाहेर गेला, तर दुसरीकडे तितकी जागा उघडी राहणारच. पातेले काठोकाठ भरले असेल आणि पाणी नेमके पातेल्याएवढेच असेल, तर सांडलेले नाही हे लादी न पाहताही कळते.

यात एक अडचण आहे, ती दोनच्या वर्गमुळाची. लहान त्रिकोणाची लहान बाजू १ धरली तर त्याचा कर्ण √२ होतो आणि सातही तुकड्यांच्या बाजू १, √२, २ आणि २√२ एवढ्याच लांबीच्या निघतात. √२ ही संख्या दशांशात कधीच संपत नाही. संगणक ती कुठेतरी तोडतो. तुकडे पुन्हा पुन्हा फिरवले की त्या तोडण्याच्या बारीक चुका साचतात आणि जुळलेल्या दोन कडांमध्ये केसाएवढी फट दिसू लागते. बौधायनांनाही ही संख्या हवी होती; त्यांच्या सूत्रातील किंमत ५७७/४०८ इतकी येते आणि ती पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. वेदीसाठी तेवढी पुरेशी होती. प्रोग्रॅमसाठी त्याहून चोख उपाय आहे. प्रत्येक कोपऱ्याचे स्थान ‘अ + ब√२’ या रूपात लिहायचे आणि केवळ अ आणि ब या संख्या साठवायच्या. तुकडे कोपऱ्याला कोपरा लावून आणि ४५ अंशांच्या पटीत ठेवले, तर अ आणि ब नेहमी पूर्ण किंवा अर्ध्यात येतात. √२ ची किंमत काढण्याची वेळ चित्र रेखाटतानाच येते. तोवर हिशेबात चूक शिरायला वावच नाही.

याच लेखनपद्धतीने टँग्रॅममधील एक जुना प्रश्न चार ओळींत निकालात निघतो. एका तुकड्याचा चौरस होतो, दोन, तीन, चार, पाच आणि सातही तुकड्यांचा होतो. सहाचा का होत नाही? सोळापैकी एक तुकडा गाळायचा. लहान त्रिकोण गाळला तर उरलेले क्षेत्रफळ वरील मापात साडेसात; मधला त्रिकोण, चौरस किंवा समांतरभुज चौकोन गाळला तर सात; मोठा त्रिकोण गाळला तर सहा. चौरसाची बाजू तुकड्यांच्या पूर्ण बाजू जोडूनच होणार, म्हणजे ती अ + ब√२ अशी असणार आणि अ, ब पूर्णांक असणार. तिचा वर्ग करताना २अब√२ हे पद येते. क्षेत्रफळात √२ नको असेल तर अ किंवा ब शून्य हवा. मग क्षेत्रफळ एकतर पूर्ण वर्ग असेल किंवा पूर्ण वर्गाची दुप्पट: १, २, ४, ८, ९. साडेसात, सात, सहा यांत बसत नाहीत. पडद्यावर तासन्‌तास सहा तुकडे फिरवूनही चौरस का होत नव्हता, ते आठवी-नववीच्या मुलाला येथे कळते आणि ‘सापडत नाही’ व ‘असूच शकत नाही’ यांतला फरकही.

असाच एक निकाल १९४२ साली वांग आणि श्युंग या दोन चिनी गणितज्ञांनी सिद्ध केला. ज्याला कोठेही आत गेलेला कोपरा नाही, अशा बहिर्वक्र आकृती सात तुकड्यांतून नेमक्या तेराच होतात: एक त्रिकोण, सहा चौकोन, दोन पंचकोन आणि चार षटकोन. प्रोग्रॅमपुढे बसलेल्या वर्गाला ‘तेराही शोधा’ एवढेच सांगितले तर आठवडाभर पुरेल इतके काम होते आणि चौदावी सापडली असा दावा करणाऱ्याची चूक शोधणे हे त्याहून चांगले काम.

पडद्याचा आणखी एक फायदा दोन भिक्षूंच्या कोड्यात दिसतो. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी यांनी दाखवलेल्या या दोन आकृती जवळपास सारख्या आहेत. दोन्हींत सातही तुकडे आहेत, पण एकाला पाय आहे आणि दुसऱ्याला नाही. मग पायाचा तुकडा गेला कोठे? प्रोग्रॅममध्ये एक आकृती पारदर्शक करून दुसरीवर ठेवली की उत्तर उघडे पडते. बिनपायाच्या भिक्षूचे धड किंचित रुंद आहे. पायाचे सारे क्षेत्रफळ त्या नजरेला न जाणवणाऱ्या रुंदीत पसरले आहे. लाकडी तुकड्यांनी ही तुलना अशी करता येत नाही.

लाकूड आणि पुठ्ठा यांचे मोल मात्र पडद्याने कमी होत नाही. तुकड्याची जाडी, त्याची धार, तो हातात पालथा होण्याची जाणीव पडद्यावर नाही. लहान वर्गांत आधी कागद कापावा आणि मग संगणक उघडावा, हाच क्रम योग्य दिसतो. एनसीईआरटीच्या ‘मॅथ-मॅजिक’ मालिकेतील तिसरीच्या पुस्तकात आधी पाच आणि मग सात तुकड्यांचा टँग्रॅम होता, तोही कापून करण्यासाठी. संगणकावर खेळण्यासाठी ‘जीकाँप्री’ हा मुक्त आणि विनामूल्य संच आहे. त्यात टँग्रॅमचा खेळ आहे आणि एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेटशिवाय चालतो. जेथे जोडणीचा भरवसा नाही अशा शाळेला, मग ती सत्तरीतील असो वा सुरत महापालिकेची मराठी माध्यमाची, हे सोयीचे. वरच्या वर्गांसाठी ‘जिओजेब्रा’त असे तुकडे स्वतः रचता येतात.

गोव्यात शालेय कोडिंग आणि रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना सुरू झाल्यापासून ‘स्क्रॅच’ हे नाव माध्यमिक शाळांत परके राहिलेले नाही. टँग्रॅमचा प्रोग्रॅम वापरण्यापेक्षा तो स्क्रॅचमध्ये लिहिणे मुलांना अधिक शिकवून जाईल आणि ते त्यांच्या आवाक्यातलेही आहे. सात स्प्राइट, ओढता येण्याची मुभा, कळ दाबली की ४५ अंश वळणे. सहा तुकड्यांचे काम एका तासिकेत उरकते. सातवा अडतो. समांतरभुज चौकोन उलटा करण्यासाठी फिरवण्याची कोणतीही आज्ञा उपयोगी पडत नाही आणि शेवटी त्याच्यासाठी आरशातल्या प्रतिमेचे दुसरे चित्र काढून कळ दाबताच ते बदलण्याची सोय करावी लागते.